पहिला शेजारी

बेकरीच्या रांगेत तासभर तिष्ठून, हातात राय धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा घेऊन द्रिका लामर्डिंक गल्लीच्या तोंडाशी वळली, आणि तिला आपल्या घराचे पडदे ओढलेले दिसले. भर सकाळी, उजेड असताना.

समोरून म्हातारा पोस्टमन येत होता. तिला बघून त्याने टोपी काढली आणि भिंतीला लागून उभा राहिला. आमच्या बोर्कुलो गावात बैठकीच्या खोलीचे पडदे दिवसा उघडे असतात, श्रीमंताचे असोत की मोलकरणीचे. ते ओढले जातात एकाच कारणाने, घरात कुणी गेलं तर. बेरेन्ड, तिच्या मनात आलं. तिच्या नवऱ्याचं हृदय दोन वर्षांपासून कुरकुरत होतं. पायातले लाकडी जोडे तिथेच टाकून ती मोज्यांनिशी धावत सुटली.

दार उघडलं तर बेरेन्ड स्वयंपाकघरात स्टुलावर बसून लाकडी जोड्यावर हातोडा ठोकत होता. ठक ठक ठक, नेहमीसारखा. आणि बैठकीच्या खोलीतून सायक्लोस्टाईल यंत्राची खर्रखट्ट ऐकू येत होती, तीही नेहमीसारखीच. द्रिका जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. तिला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त आला.

"पडदे कुणी ओढले?"

बेरेन्डचा हातोडा थांबला. "कसले पडदे?"

"मी ओढले, मावशी." मारिनुस दारात येऊन उभा राहिला. बाह्या कोपरापर्यंत वर, बोटं शाईने काळी. "दोन जर्मन शिपाई खिडकीशी थांबून तुमच्या फुलझाडांकडे बघत होते. आणखी एक पाऊल पुढे आले असते तर त्यांना यंत्र दिसलं असतं."

"मग त्यांना हात करायचा, हसायचं, यंत्रावर चादर टाकायची! पडदे ओढतात का दिवसा?"

"रॉटरडॅमला रात्रपाळीवाले दिवसा पडदे ओढूनच झोपतात. कुणी ढुंकून बघत नाही."

"इथे बघतात, शहाण्या. सगळी गल्ली आत्ता एकमेकांना विचारत असेल, लामर्डिंकांकडे कोण गेलं म्हणून."

मारिनुस रॉटरडॅमच्या एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचा. जर्मन आल्यावर तिथे रोज सकाळी वरून मजकूर यायचा, आणि तो काना-मात्रा न बदलता छापायचा असा हुकूम होता. दोन वर्षं त्याने दात-ओठ खात तो तपासला. एक दिवस पेन्सिल टेबलावर ठेवून जो निघाला तो माळ्यांवर आणि गोठ्यांत लपत लपत इथवर आला. आता तो, द्रिका आणि बेरेन्ड मिळून ‘पहारा’ नावाचं चोरटं चार पानी पत्र काढत. लंडनच्या रेडिओची बातमी शेजारच्या हार्मिनाच्या घरी लपवलेल्या रेडिओवरून यायची, गावातली खबर द्रिका आणायची. यंत्र घरामागच्या बेरेन्डच्या जोड्यांच्या कारखान्यात असायचं आणि त्याचा आवाज बुडवायला बेरेन्ड हातोडा ठोकत राहायचा. पण गेल्या आठवड्यात जर्मन लष्कराने कारखाना घोड्यांसाठी ताब्यात घेतला आणि यंत्राला बैठकीच्या खोलीशिवाय जागा उरली नाही.

"मग उघडतो पुन्हा," मारिनुस म्हणाला.

"हात लावू नकोस! एकदा ओढलेले पडदे घरच्यांनी उघडायचे नसतात. ते पहिला शेजारी उघडतो. आणि आता तो येईलच."

"येऊ दे की. कोण आहे पहिला शेजारी?"

द्रिकाने उजवीकडच्या भिंतीकडे मान केली. मारिनुसच्या तोंडचं पाणी पळालं.

उजवीकडे ग्रादुस कोल्कमन राहायचा. जर्मनांची चाकरी करणाऱ्या पक्षाचा सभासद, दंडाला पट्टी, खांद्याला शिकारीची बंदूक, आणि गावाच्या वाटांवर सायकलींच्या पिशव्या तपासण्याची हौस. या उन्हाळ्यात त्याने रूसिंकच्या मळ्याकडे बोट दाखवलं. तिथे गवताच्या माळ्यावर एक ज्यू बाई आणि तिची दोन लहान पोरं लपली होती. जर्मनांनी रूसिंकला त्याच्याच अंगणात गोळी घातली आणि बाईला पोरांसकट नेलं. पोरांच्या पायांत बेरेन्डने बनवलेले जोडे होते. तेव्हापासून गल्लीत कुणी कोल्कमनच्या नमस्काराला नमस्कार केला नव्हता. त्याची बायकोसुद्धा सप्टेंबरात, इंग्रज आले इंग्रज आले अशी हूल उठली तेव्हा, बॅग भरून बहिणीकडे पळाली ती परतलीच नाही.

पण शेजार म्हणजे शेजार. ज्याची भिंत आपल्या भिंतीला लागून उजव्या हाताला, तो पहिला शेजारी. बाळ जन्मलं की तो येतो, माणूस गेलं की तो येतो, आणि त्याला दार उघडावंच लागतं. मेलेल्याला अंघोळ तो घालतो, घरोघर खबर तो देतो, शवपेटीला पहिला खांदा त्याचा. आपण त्याला निवडत नाही आणि नाकारतही नाही.

"आता मेलेला माणूस पाहिजे," द्रिका म्हणाली. तिचं डोकं चालू झालं होतं. "लवकर बोला."

"मीच मरतो," बेरेन्ड म्हणाला. "वर जाऊन पडतो. डॉक्टर माझी आशा सोडूनच बसलाय."

"तो अंघोळ घालील तुला. विहिरीचं पाणी अंगावर पडलं की उठून बसशील."

"लांबचं कुणी सांगा," मारिनुस म्हणाला. "एखादी आत्या."

"आत्यासाठी पडदे नाही ओढत. ज्याचा पलंग या घरात आहे त्याच्यासाठीच ओढतात."

या घरात पलंग होते तीन. एकावर द्रिका-बेरेन्ड झोपत. दुसऱ्यावर मारिनुस, ज्याचा पत्ता कुणालाच नव्हता. तिसरा रिकामा होता. तो वेसलचा, त्यांच्या एकुलत्या एक पोराचा. त्याला दीड वर्षापूर्वी जर्मनीतल्या एसेनच्या कारखान्यात सक्तीने कामाला नेलं होतं. दर महिन्याला त्याचं कार्ड यायचं. उन्हाळा संपला तसं तेही थांबलं, आणि एसेनवर तर रोज बॉम्ब पडत होते, ते ‘पहारा’मध्ये हेच लोक छापत होते.

"नको, द्रिका," बेरेन्ड हळूच म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं?"

दारावर थाप पडली.

पुढचे काही क्षण कुणी कुणाला काही सांगितलं नाही, हात आपोआप चालले. छापलेले कागद चुलीत जाळायच्या पीट मातीच्या खोक्यात गेले, वर पीटच्या विटा. यंत्र जड, ते हलवणं शक्यच नव्हतं. द्रिकाने आपली चर्चला जायची मोठी काळी शाल त्यावर टाकली, वर घरातलं बायबल ठेवलं, आणि भिंतीवरचा वेसलचा फोटो काढून बायबलला टेकवून उभा केला. मारिनुस माळ्यावर पळाला. शाईचा वास लपावा म्हणून बेरेन्डने जोडे रंगवायच्या काळ्या रोगणाचा डबा उघडला आणि चुलीवर ठेवला. मग द्रिकाने दार उघडलं.

कोल्कमन दारात उभा होता. बंदूक नव्हती, दंडावर पट्टी नव्हती. अंगात लग्ना-मयताचा काळा कोट होता, तो पोटावर नीट बसत नव्हता.

"कोण गं, द्रिका?"

"वेसल."

नाव तिच्या तोंडून आपसूक बाहेर पडलं. मागे बेरेन्डच्या हातातून काहीतरी खाली पडलं. एवढ्याने तिचा जीव जायचा बाकी राहिला. आपण आपल्या तोंडाने पोराला मारला, असं तिला स्पष्ट वाटलं, आणि ते खोटं आहे हे आठवूनही बरं वाटेना.

"कसा?"

"एसेनला. बॉम्ब. त्याच्याबरोबर कामाला असलेला एक पोरगा सकाळीच सायकलवरून निरोप देऊन गेला."

"काही कागद दिला?"

"कागद कुठला? तोंडी सांगितलं."

कोल्कमनने टोपी काढून छातीशी धरली. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते नाटक नव्हतं. "मी त्याला सायकल शिकवली होती," तो म्हणाला. "या गल्लीत. पडला की माझ्यावरच ओरडायचा." मग त्याने खांदे सरळ केले आणि रीतीप्रमाणे म्हणायचं ते म्हटलं, "आता तुम्ही दोघांनी कशाला हात लावायचा नाही. आता घर मी बघतो."

तो थेट बैठकीच्या खोलीत गेला. त्याने भिंतीवरचं घड्याळ थांबवलं. आरसा भिंतीकडे तोंड करून टांगला. मग फोटोसमोर येऊन थांबला. द्रिका दाराच्या चौकटीला धरून उभी होती. शालीच्या एका टोकाखालून यंत्राच्या दांड्याची मूठ बोटभर बाहेर आली होती. तिला ती आता दिसली.

"छान मांडलंयस," कोल्कमन म्हणाला. त्याने बायबल जरा सरळ केलं आणि शालीवर तळहात ठेवला. "खाली काय आहे? टणक लागतंय."

"त्याच्या वस्तूंचं खोकं."

"हं." त्याचा हात तिथेच राहिला. द्रिकाला वाटलं, आता शाल उचलतो. त्याने नाक वर करून एकदा वास घेतला. "बेरेन्ड, आजच्या दिवशी तरी रोगण उकळू नये रे. पोर गेलंय तुझं."

"हात रिकामे राहवत नाहीत, ग्रादुस," बेरेन्ड म्हणाला. त्याच्या गालांवरून खरंच पाणी वाहत होतं.

कोल्कमनने त्याच्या पाठीवर थोपटलं आणि तो खबर द्यायला बाहेर पडला.

पडद्याच्या फटीतून द्रिका बघत राहिली. तो प्रत्येक दारात गेला, थाप मारली, टोपी काढली. आणि प्रत्येक दार उघडलं. मयताची खबर घेऊन आलेल्या पहिल्या शेजाऱ्याला दारातून हाकलायची छाती आमच्या गल्लीत कुणाची नाही. जी उन्हाळ्यात त्याच्यासमोर थुंकली होती त्या गवळणीने त्याला आत घेतलं. म्हाताऱ्या पोस्टमनने त्याच्याशी हात मिळवला. तीन घरं झाली तसा कोल्कमन ताठ चालायला लागला. माणसाच्या दारात उभं राहायला मिळालं म्हणून तो मनातून सुखावला होता, हे द्रिकाला गल्लीच्या या टोकावरून दिसत होतं. तिला त्याची किळस आली आणि कीवही आली, आणि कीव आल्याबद्दल तिने स्वतःला मनातल्या मनात शिवी हासडली.

दुपारी सगळी गल्ली कॉफीला आली. कॉफी म्हणजे भाजलेल्या सातूचं काळं पाणी, पण मयताच्या घरी ते प्यावंच लागतं. बैठकीच्या खोलीत खुर्च्या भिंतीकडेने लागल्या, मधोमध शाल, बायबल आणि वेसल. कोल्कमन बाहेरचं दार धरून उभा होता, येणाऱ्याचा कोट घेत होता, म्हाताऱ्यांना पायरी चढवत होता.

हार्मिना परसदाराने आत आली. ती डावीकडची शेजारीण, रेडिओवाली, आणि ‘पहारा’ वाटणाऱ्या बायकांतली पहिली. तिने द्रिकाला घट्ट धरलं.

"हार्मिना, सोड. वेसल जिवंत आहे." द्रिका तिच्या कानात म्हणाली. "म्हणजे असेल. मला काही ठाऊक नाही."

हार्मिना तिच्याकडे बघतच राहिली. मग शालीचा, पडद्यांचा, रोगणाचा सगळा अर्थ तिच्या ध्यानात आला. "बाई गं," ती म्हणाली. "मग नीट रड तरी. नुसती पांढरीफटक पडून काय उपयोग?"

"आजचा अंक गेलाच पाहिजे. गुरुवारी सगळ्या पुरुषांना आयसेल नदीकाठी खंदक खणायला बोलावलंय. कुणी जाऊ नका, लपून बसा, हे आज घरोघर पोचलं नाही तर अर्धी गल्ली भोळेपणाने जाऊन उभी राहील."

हार्मिनाने पीटच्या खोक्यातून एक कागद काढून वर-खाली नजर फिरवली. खंदकाच्या बातमीखाली जाड चौकट होती. तीत कोल्कमनचं नाव होतं, रूसिंकचा मळा होता, आणि खाली एक ओळ होती. याच्याशी बोलेल तो शत्रूशी बोलला, आणि शत्रू गेल्यावर याचा हिशेब होईल.

"हे आजच?" हार्मिनाने विचारलं. "अगं, तो बाहेर तुझं दार धरून उभा आहे."

चौकट द्रिकानेच लिहायला लावली होती. पहिल्या शेजाऱ्याचं नाव छापू नये, असं बेरेन्ड आठवडाभर म्हणत होता आणि ती ऐकत नव्हती. आता कुणी म्हटलं असतं तर खालचा भाग कात्रीने कापून टाकता आला असता. कात्री समोर खुंटीला होती. द्रिकाला सायकल शिकवणारा ग्रादुस आठवला, त्याचे भरलेले डोळे आठवले.

"तो रूसिंकच्याही दारात उभा होता," ती म्हणाली. "घेऊन जा."

बायका एकेक करून कप विसळायला म्हणून स्वयंपाकघरात आल्या आणि पोलक्याखाली, कमरेच्या पट्ट्यात कागद खोचून परत गेल्या. एकीच्या एप्रनखालून कागद चुरचुरला तेव्हा गवळणीने मोठ्याने नाक शिंकरलं. निघताना कोल्कमनने प्रत्येकीला कोट चढवायला मदत केली. "जपून जा, पायरी ओली आहे," तो म्हणत होता. द्रिका बघत होती. तिचं काळीज एवढं धडधडत होतं की समोरच्या म्हातारीला ते दुःखच वाटलं आणि तिने तिला आणखी एकदा कवटाळलं.

सगळे गेल्यावर कोल्कमनने खुर्च्या उचलल्या. "उद्या झुटफेनला जातो सायकलने," तो म्हणाला. "तिथे कामगार कचेरीत माझा शब्द चालतो. वेसलला कुठे पुरलं ते विचारतो. आईला तेवढं तरी कळायला हवं."

"नको!" ते फार जोरात निघालं. तिने आवाज खाली घेतला. "एवढ्या लांब कशाला? वाटेत विमानं गोळ्या घालतात."

"पहिल्या शेजाऱ्याला नको म्हणायचं नसतं, द्रिका."

दुसऱ्या दिवशी मारिनुस उजाडायच्या आत हार्मिनाच्या माळ्यावर गेला. यंत्र जागचं हलवता येईना, मागे घोडे आणि शिपाई, पुढे गल्ली. द्रिका आणि बेरेन्ड अंधाऱ्या खोलीत बसून राहिले. कचेरीत मेलेल्यांत वेसलचं नाव नसेल तर कोल्कमनला सगळं कळणार होतं, आणि असेल तर? हा विचार पहाटे कधीतरी द्रिकाच्या डोक्यात शिरला आणि मग निघेना. आपण बोललो ते खरं असलं तर? तिने काल दिवसभर लोकांकडून सांत्वन घेतलं होतं, त्याच्या लहानपणच्या गोष्टी ऐकल्या होत्या. खोटं बोलता बोलता तिचा स्वतःचाच विश्वास बसत चालला होता. संध्याकाळ व्हायला आली तसं तिला यंत्राची भीती वाटेनाशी झाली. कोल्कमन काय नाव घेऊन येतो, एवढीच भीती उरली.

उजेड असतानाच तो आला. चिखलाने माखलेला, घामेजलेला. पडद्याच्या फटीतून द्रिकाला दिसलं की तो आधी हार्मिनाच्या दारात गेला. थाप मारली, थांबला, पुन्हा मारली. मग पोस्टमनच्या. मग गवळणीच्या. मग तो इकडे वळला.

तो आत येऊन खुर्चीवर बसला तेव्हा त्याच्या अंगातून वाफ निघत होती. बेरेन्डने सातूची कॉफी त्याच्यासमोर ठेवली.

"सांग," द्रिका म्हणाली.

"मेलेल्यांत तो नाही."

"मग?" ती म्हणाली.

"कामावरही नाही. ऑगस्टातच तिथून पळाला. ते त्याला शोधताहेत."

द्रिका जमिनीवरच बसली आणि तोंडावर दोन्ही हात धरून रडायला लागली. हार्मिनाने नीट रड म्हटलं तेव्हा जे आलं नव्हतं ते आता थांबेना. बेरेन्ड तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला, तोही रडत होता, मधेच हसत होता, पोराचं नाव घेत होता. जिवंत आहे. पळाला. वाटेत असेल. कुठल्यातरी गवताच्या माळ्यावर असेल.

कोल्कमन त्यांच्याकडे बघत होता.

"म्हणजे तुला खरंच ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटेत वाटलं, पोरगं घरातच लपवलंय आणि मेला म्हणून सांगतेयस."

"नव्हतं ठाऊक." दोन दिवसांत त्याच्याशी ती पहिल्यांदा खरं बोलली.

"मग पडदे का ओढलेस?"

त्याने काळ्या शालीकडे बघितलं. "मला भिंतीतून ऐकू येतं, द्रिका. बेरेन्ड उन्हाळाभर एवढे जोडे ठोकतो आणि गावात नवे जोडे कुणाच्याच पायांत नाहीत."

बेरेन्ड उठायला लागला. द्रिकाने त्याला धरून ठेवलं.

"बस रे, बेरेन्ड, मी काही करत नाही. कचेरीतल्या साहेबाने मला विचारलं, पोरगा घरी आलाय का, घर बघायला माणसं पाठवू का. मी म्हटलं, साहेब, तो मेला. त्याच्याबरोबरचा पोरगा निरोप देऊन गेला, मी पहिला शेजारी, मीच गल्लीला खबर दिली. साहेबाने नाव खोडलं." त्याने चिखलाचा हात तोंडावरून फिरवला. "आता त्याला कुणी शोधणार नाही. आला तर अंधार पडल्यावर येऊ दे."

द्रिकाला त्याचे हात धरावेसे वाटले. खरोखर धरावेसे वाटले. ज्या हातांनी त्याने रूसिंकचा मळा दाखवला तेच ते हात होते.

"फुकट नाही केलं," कोल्कमन म्हणाला. "इंग्रज येणार. या हिवाळ्यात नाही तर वसंतात. तेव्हा माझ्यासाठी एक शब्द टाक, एवढंच. तुझा शब्द लोक ऐकतील." मग त्याने दाराकडे बघितलं आणि त्याचा आवाज बदलला. "काल सगळ्यांनी मला दार उघडलं. माझ्याबरोबर कॉफी प्यायली. आज झुटफेनची खबर द्यायला गेलो, तर एकानेही दार उघडलं नाही. आत माणसं आहेत, मला आवाज येत होते. काय झालं गं एका दिवसात?"

बेरेन्डने मान खाली घातली. द्रिका उठून उभी राहिली. खोटं बोलायचं तर बोलता आलं असतं. पण तिच्याने आता आणखी खोटं बोलवेना. आणि उद्या कुणीतरी तो कागद त्याच्या दाराखालून सरकवणारच होतं.

"छापून आलंय तुझं नाव. रूसिंकच्या मळ्यासकट."

"कुठे?"

तिने शालीकडे बोट केलं.

त्याला समजायला वेळ लागला. "कधी वाटलं?"

"काल. कॉफीच्या वेळी."

"मी दार धरून उभा असताना?"

"हो."

कोल्कमनची सायकल बाहेर भिंतीला टेकलेली होती. तो उठून परत झुटफेनला गेला असता आणि मी चुकलो, पोरगा जिवंत आहे, एवढं म्हणाला असता, तरी पुरे होतं. शाल उचलायचीही गरज नव्हती. द्रिकाला हे सगळं कळत होतं, आणि त्यालाही कळत होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"म्हणजे तू काही माझ्यासाठी शब्द टाकणार नाहीस."

"टाकेन," द्रिका म्हणाली. "वेसलचं नाव खोडवलंस ते सांगेन. त्या बाईला आणि तिच्या दोन पोरांना नेलं तेही सांगेन. दोन्ही सांगेन."

"आधी काय सांगशील?"

तिने बेरेन्डकडे बघितलं. बाहेर घोडे खुर आपटत होते, आणि कुठेतरी वाटेवर तिचा पोरगा चालत घराकडे येत होता.

"आधी वेसलचं," ती म्हणाली.

ते खरं होतं. बोलता बोलताच तिला कळलं की ते खरं आहे, आणि रूसिंकच्या माळ्यावरच्या त्या दोन पोरांपुढे तिला भयंकर लाज वाटली. कोल्कमनने तिच्याकडे बघून मान डोलावली आणि समोरची कॉफी पिऊन टाकली.